आमचं वावर कोणत्या साली?

खाणीचा नकाशा एके काळी कापडावर काढत असत, हे आजच्या मुलांना सांगितले तर ती हसतात. पण खरेच काढत. ट्रेसिंग क्लॉथ नावाचे खळ दिलेले, अर्धपारदर्शक, किंचित निळसर कापड असे. त्यावर काळ्या शाईने रेघ मारायची आणि चुकली तर दाढीच्या पात्याने खरवडायची. आमच्या चंद्रपूर भागात ज्या पालकांची नोकरी खाणीच्या सर्व्हे ऑफिसात होती त्यांच्या घरी या कापडाचे टाकाऊ तुकडे येत. बायका ते कोमट पाण्यात भिजवून खळ काढून टाकत, आणि आतून असे मऊसूत सुती कापड निघे की त्याचे रुमाल वर्षानुवर्षे टिकत. माझ्या वर्गातल्या कितीतरी मुलांनी खाणीच्या नकाशाला नाक पुसले आहे!

असो. सांगायचा मुद्दा असा की त्या काळी खाणीचा पाच वर्षांचा नकाशा तयार व्हायला महिने लागत. तो एकदा तयार झाला, त्याच्या अमोनिया प्रिंट निघाल्या (तो वास ज्याने घेतला तो विसरणार नाही), साहेबांच्या सह्या झाल्या, की त्याला हात लावायला कोणी धजावत नसे. आता ते सगळे काम संगणकावर होते. सकाळी एक नकाशा, दुपारी दुसरा, संध्याकाळी तिसरा.

मी या सॉफ्टवेअरच्या विरोधात नाही, हे आधीच सांगून टाकतो, नाहीतर म्हातारा यंत्रांवर चिडलाय असे वाटायचे. माझे म्हणणे वेगळे आहे. नकाशा बदलणे सोपे झाले, त्याची किंमत कोणीतरी मोजत आहे, आणि तो माणूस संगणकासमोर बसलेला नाही.

मी बी.ए., तेही मराठी माध्यमातून. भूगोल शिकवला, आणि शिक्षक कमी पडत म्हणून नववीपर्यंतचे गणितही. कोळशाच्या पट्ट्यातल्या शाळेत आयुष्य गेल्यामुळे माझे अर्धे विद्यार्थी खाणीवर लागले आणि उरलेल्या अर्ध्यांची वावरे खाणीत गेली. (काहींच्या नशिबी दोन्ही आले.) त्यातला एक आता नागपुरात खाणींचे नियोजन करण्याचे काम करतो. दिवाळीला गावी आला की घरी येतो. गेल्या दिवाळीत त्याने लॅपटॉप उघडून मला दोन तास सगळे समजावून सांगितले. आयुष्यभर मी त्याला समजावले, आता त्याची पाळी! पुढे जे लिहितो आहे त्यातले तांत्रिक ते त्याचे, मते माझी.

तर हे काम असे चालते. आधी जमिनीत बोअर मारतात. आमच्या वर्धा खोऱ्यात वर काळी माती, मग मुरूम, मग कामठीचा वालुकाश्म आणि त्याखाली बाराकर थरातला कोळसा. बोअरमधून दगडाच्या लांब कांड्या निघतात. किती मीटरवर कोळसा लागला, थर किती जाड, त्यात राख किती, हे सगळे मोजून संगणकात घालतात. पण बोअर कुठे कुठेच असतात. दोन बोअरच्या मधल्या जागेत काय आहे हे कोणी पाहिलेले नसते. तिथे गणित मदतीला येते. दक्षिण आफ्रिकेतल्या सोन्याच्या खाणींवर काम करणारे डॅनी क्रिग नावाचे अभियंता होते. त्यांनी १९५१ च्या आपल्या प्रबंधात नमुन्यांवरून आसपासच्या भागाचा अंदाज कसा बांधावा याचा मार्ग दाखवला. पुढे फ्रान्सच्या जॉर्ज माथरॉन यांनी त्याचे पक्के गणित मांडले आणि त्या पद्धतीला क्रिग यांच्या नावावरून क्रिगिंग म्हणू लागले. धातूच्या खाणीत जमिनीचे लहान लहान ठोकळे कल्पून प्रत्येक ठोकळ्यात किती माल असेल ते लिहितात. कोळशाला ठोकळ्यांपेक्षा थरांचा नकाशा सोयीचा पडतो. आपल्याकडे त्यासाठी माइनेक्स नावाचे सॉफ्टवेअर बरेच वापरतात.

मग खरा प्रश्न येतो. खणायचे कुठवर?

हे मला फार आवडले, म्हणून जरा सविस्तर सांगतो. धान्याच्या गोदामात पोत्यांची थप्पी असते ना, तसे समजा. तळातले एक पोते हवे असेल तर वरची पाच उचलावी लागतात, आणि थप्पी अंगावर कोसळू नये म्हणून आजूबाजूचीही काढावी लागतात. तळातल्या पोत्यात गहू आहे, वरच्यांत नुसता भुसा. मग त्या एका पोत्यासाठी एवढी हमाली परवडते का? एका पोत्यापुरता हा हिशोब चौथीतले पोरही करील. पण लाखो पोती असतील, आणि एकाच्या निमित्ताने हललेले भुशाचे पोते दुसऱ्याच्याही वाटेतले असेल, तर? हमाली कोणाच्या नावावर टाकायची? याचे अचूक उत्तर काढायची रीत हेल्मट लर्च आणि इंगो ग्रॉसमन या दोघांनी १९६५ साली कॅनडातल्या एका खाणविषयक नियतकालिकात मांडली. त्या वेळच्या संगणकांना ती झेपणारी नव्हती. १९८० च्या दशकात ऑस्ट्रेलियाच्या जेफ व्हिटल यांनी ती वापरता येईल अशा सॉफ्टवेअरमध्ये आणली आणि मग जगभरच्या उघड्या खाणींची कडा कुठे असावी हे त्यावर ठरू लागले.

तिसरी पायरी वेळापत्रकाची. कडा ठरली, पण आधी कुठून खणायचे? पहिल्या वर्षी कोणता तुकडा, दुसऱ्या वर्षी कोणता? शॉवेल कुठे उभा राहील, डंपर किती लांब जातील, पावसाळ्यात खाणीच्या तळाला पाणी साचले की काम कुठे हलवायचे, निघालेली माती कुठे टाकायची? हे सगळे सॉफ्टवेअर मांडून देते आणि वर्षावर्षाचे रंगीत चित्र काढते. विद्यार्थ्याने एक बटण दाबले आणि पडद्यावर खाण पाकळी पाकळीने उघडत गेली. पहिले वर्ष पिवळे, दुसरे केशरी, तिसरे लाल... पंचवीस वर्षे चाळीस सेकंदांत संपली.

याचे फायदे खरे आहेत आणि ते मी पाहिले आहेत. आमच्याकडे वणी, घुग्घुस, माजरी, बल्लारपूरकडे कुठेही जा, क्षितिजावर डोंगर दिसतात. परगावच्या पाहुण्याला ते डोंगर वाटतात. आहेत ते कोळशाच्या वरून काढलेल्या मातीचे ढीग! कोळशाच्या एका टनामागे कित्येक घनमीटर माती-दगड हलवावा लागतो आणि पूर्वी तो जवळच्या शेतांवर टाकत. वेळापत्रक नीट असेल तर खाणीच्या ज्या भागातला कोळसा संपला त्याच खड्ड्यात पुढच्या भागाची माती टाकता येते. म्हणजे तेवढी वावरे वाचली. वरची सुपीक माती वेगळी ठेवून शेवटी वर पसरता येते. डंपरची एक खेप अर्धा किलोमीटर कमी झाली तरी वर्षाकाठी डिझेल किती वाचते, ते मनात धरून पाहा. हे सगळे ट्रेसिंग क्लॉथवर बसून कोणाच्या बापाला जमले नसते.

सुरक्षेचेही तसेच. मी घरी बसून एक गणित केले. खाण १५० मीटर खोल आहे असे धरा. कडेचा एकूण उतार ४५ अंशांऐवजी ४० अंशांचा ठेवला, तर वरची कड सुमारे २९ मीटर मागे सरकते. एक किलोमीटर लांबीला साडेएकवीस लाख घनमीटर जादा खोदाई! एका डंपरमध्ये २५ घनमीटर धरले तर ८६ हजार खेपा. पाच अंशांत एवढा पैसा आहे. म्हणूनच उतार जरा उभा ठेवायचा मोह होतो. आणि उताराशी खेळ झाला की काय होते हे २९ डिसेंबर २०१६ ला झारखंडमध्ये राजमहालच्या लालमटिया खाणीत दिसले. मातीचा कडा कोसळून २३ माणसे गेली. निदान आता उतार बदलला तर पैसा किती वाचतो आणि धोका किती वाढतो, हे कोणत्याही साहेबाला आकड्यांत पाहता येते. पाहायचे असेल तर.

संगणकाला जे सांगितले नाही ते त्याला कळत नाही, हे खरे म्हणजे सांगायलाच नको. पेराल तेच उगवणार. अमेरिकेत पेनसिल्व्हेनियातल्या क्वेक्रीक खाणीत २००२ च्या जुलैमध्ये नऊ खाणकामगार कोळसा खणता खणता शेजारच्या बंद पडलेल्या खाणीत घुसले. त्या जुन्या खाणीत पाणी भरलेले होते, ते यांच्यावर आले. त्यांच्या नकाशाप्रमाणे जुनी खाण बरीच दूर होती. तो नकाशा जुना होता, शेवटच्या काळातले खोदकाम त्यात आलेलेच नव्हते. नऊही जण तीन दिवसांनी जिवंत बाहेर आले, हे त्यांचे दैव. आपल्याकडे धनबादजवळच्या चासनाळ्यात २७ डिसेंबर १९७५ ला वरच्या जुन्या खोदकामातले पाणी असेच फुटले, तेव्हा पावणेचारशे माणसे गेली. एवढ्या लांब तरी कशाला जा? २०२२ च्या ऑगस्टमध्ये आमच्या घुग्घुसच्या अमराई वॉर्डात एक अख्खे घर जमिनीत गेले. खाली जुनी भूमिगत खाण होती. सुदैवाने माणसे वाचली.

पण या गोष्टी खाणवाले स्वतःच जाणतात आणि त्यावर त्यांच्यात बोलणे चालते. ज्यावर बोलणे चालत नाही त्याकडे आता वळतो.

गावाचे नाव लिहीत नाही. शंभर-सव्वाशे उंबरठ्यांचे गाव. कापूस, सोयाबीन, तूर. १९५७ चा कोळसाधारक क्षेत्रांच्या संपादनाचा एक कायदा आहे. त्यातले कलम चार म्हणजे सरकार इथे कोळसा शोधणार, कलम सात म्हणजे जमीन घेण्याचा इरादा, कलम नऊ म्हणजे जमीन घेतली, कलम अकरा म्हणजे ती सरकारी कंपनीच्या नावे झाली. ज्या पोराला शाळेत साताचा पाढा येत नव्हता, त्याला आज सेक्शन चार, सात, नऊ, अकरा तोंडपाठ आहे! कागदावर जमीन गेलेली असते, पण खाण अजून दोन-तीन किलोमीटरवर असते आणि नांगर त्याच वावरात चाललेला असतो. पैसे कधी, नोकरी कधी, नवीन गावठाण कधी, सगळे खाण कधी येते त्यावर.

तिथले एक गृहस्थ, माझ्याच वयाचे, मला बाजाराच्या दिवशी भेटले. म्हणाले, "गुरुजी, तुमचा तो पोरगा नागपूरले नकाशे काढते म्हनते. त्याले इचारा न जी, आमचं वावर कोन्या साली जाईन?"

एवढाच प्रश्न. जमीन जाऊ नये असे त्यांचे म्हणणे नव्हते, ती लढाई केव्हाच संपली. भाव वाढवून द्या असेही नाही. फक्त साल सांगा!

कारण काय, तर शेतकऱ्याचेही वेळापत्रक असते. सोयाबीनला साल विचारावे लागत नाही, ते चार महिन्यांचे पीक. पण विहीर बांधायची तर ती वीस वर्षांची गोष्ट. घराला स्लॅब टाकायचा, गोठा नीट करायचा, बांधावर आंबा लावायचा, धाकट्याचे लग्न लावायचे आणि त्याला वेगळी खोली काढून द्यायची, या सगळ्या गोष्टी साल विचारून होतात. तीन वर्षांत जायचे असेल तर विहिरीत दोन लाख घालणारा मूर्ख, आणि पंधरा वर्षांनी जायचे असेल तर न घालणारा मूर्ख. या गृहस्थांना पहिल्यांदा "दोन वर्षांत" असे सांगितले होते. मग कळले की खाण आधी उत्तरेकडे जाणार, यांचा तुकडा नवव्या वर्षी. मग एका उन्हाळ्यात मोजणीवाले येऊन पुन्हा खुंट्या ठोकून गेले आणि गावात बोलबाला झाला की पुढच्याच वर्षी. आता कोणी काहीच सांगत नाही. घराच्या एका बाजूची भिंत ताडपत्रीने झाकलेली आहे. बँक कर्ज देत नाही, कारण सातबाऱ्यावर शिक्का. मुलगा नोकरीच्या आशेवर आहे. कोल इंडियाच्या २०१२ च्या धोरणात दोन एकरांमागे एक नोकरी असा हिशोब आहे. जमीन जाईपर्यंत त्याचे वय मात्र थांबत नाही. मुलगी देणारे विचारतात, गाव कुठे असेल तुमचे? याला उत्तर नाही.

मी विद्यार्थ्याला विचारले, हे साल सारखे का बदलते रे? तो प्रामाणिक मुलगा आहे. म्हणाला, "सर, कारणं खूप असतात. वनखात्याची परवानगी अडते. वीज केंद्राला कमी राखेचा कोळसा हवा असतो, तो दुसऱ्या टोकाला असतो. नवीन बोअर मारला की थर वाटला होता त्यापेक्षा पातळ निघतो. मग आम्ही मॉडेल पुन्हा चालवतो आणि क्रम बदलतो."

"पूर्वी नव्हती का ही कारणे?"

"होती. पण पूर्वी एक पर्याय काढायला दोन महिने जायचे. आता आठवड्यात तीस पर्याय निघतात, त्यातला सगळ्यांत चांगला घेतात. पुढच्या तिमाहीत आकडे बदलले की पुन्हा तीस."

माझे सगळे म्हणणे या उत्तरात आहे. जुना नकाशा पवित्र नव्हता आणि अचूकही नव्हता, पण तो बदलण्याचा कंटाळा हाच एक लगाम होता. पात्याने खरवडायला लागणारे दोन महिने साहेबाला विचार करायला लावत. इतक्यासाठी सगळे पुन्हा काढायचे का? जाऊ द्या, आहे तसेच चालू द्या. आता खरवडायला काही लागत नाही. बदलाचा खर्च नियोजनाच्या कार्यालयात शून्यावर आला. गावात तो शून्यावर आला नाही. तिथे तो ताडपत्रीच्या रूपात तसाच उभा आहे, आणि संगणकाच्या कोणत्याच रकान्यात धरला जात नाही.

विद्यार्थ्याने यावर एक गोष्ट सांगितली ती इथे न लिहिणे लबाडीचे होईल. तो म्हणाला की जुन्या काळी कागदावरचा नकाशा बदलत नसे हे खरे, पण प्रत्यक्ष खाण त्या नकाशाप्रमाणे चालतच नसे. नकाशा भिंतीवर आणि शॉवेल मन मानेल तिकडे. गावाला तेव्हाही साल कळत नव्हते. हे मला मान्य आहे. पण तेव्हा ते कोणालाच माहीत नव्हते. आज ते लॅपटॉपवर रंगवून ठेवलेले आहे, आणि ज्याचे वावर त्याला सोडून सगळ्यांना दिसते.

दुसरा मुद्दा पैशाच्या हिशोबाचा. ही सॉफ्टवेअरे तीस पर्यायांतला "सगळ्यांत चांगला" कसा निवडतात? आजचा रुपया आणि वीस वर्षांनंतरचा रुपया सारखा धरत नाहीत. बरोबरच आहे, व्याजाचे गणित आहे ते, आम्हीही शिकवले. दरसाल १० टक्के दराने धरले तर वीस वर्षांनी खर्चायचा रुपया आज फक्त १५ पैशांचा वाटतो. तीस वर्षांनंतरचा सहा पैशांहून कमी. आता खाणीत पहिल्या वर्षी काय येते? कोळसा. आणि शेवटी काय येते? खड्डा भरणे, माती पसरणे, झाडे लावणे, पाणी साफ करणे. म्हणजे मिळकत रुपयाने मोजायची आणि निस्तरणे पैशाने. या गणितात खड्डा भरणे कायम पुढे ढकलणेच फायद्याचे दिसणार. यात संगणकाने लबाडी केलेली नाही, त्याला जे विचारले त्याचेच त्याने उत्तर दिले.

सरकारला हे कधीतरी उमगले असावे. २००९ मध्ये कोळसा मंत्रालयाने नियम केला की खाण बंद करतानाच्या कामासाठी पैसे आधीपासून दरवर्षी वेगळ्या एस्क्रो खात्यात भरायचे. उघड्या खाणीला त्या वेळी हेक्टरी सहा लाख रुपये या दराने. पुढे नियम सुधारत गेले. तो पैसा पूर्ण पडतो का, वेळेवर खर्च होतो का, यावर वाद घाला, पण एक गोष्ट घडली. वीस वर्षांनंतरचा खर्च आजच्या वर्षाच्या रकान्यात आला. सॉफ्टवेअरला तो दिसू लागला.

मग वाट पाहण्याचा खर्च का दिसू नये? मी विद्यार्थ्याला सरळ विचारले, अमुक तुकड्याचे साल बदलले तर तिथल्या कुटुंबांना भरपाई द्यावी लागेल, असा आकडा तुझ्या सॉफ्टवेअरमध्ये घालता येतो का? तो जरा थांबला. म्हणाला, "येतो की सर. प्रत्येक तुकड्याला वेगळा खर्च लावता येतो. एखादा तुकडा अमुक वर्षाआधी घ्यायचाच नाही, अशी अटही टाकता येते. आजवर कोणी मागितलं नाही."

तर माझे मागणे असे. खाणीचे वर्षवार रंगीत चित्र ग्रामपंचायतीच्या भिंतीवर लावा. सगळा तपशील नको, कोळशाची प्रत, भाव, राख, काही नको. फक्त गट क्रमांक आणि साल. बदलले तर नवीन लावा, पण खाली तारीख आणि कारण दोन ओळींत लिहा. आणि पुढच्या तीन वर्षांत ज्यांची जमीन जायची आहे त्यांचे साल गोठवा. त्याच्या पलीकडचे हवे तर बदला, माणूस अंदाजावर जगू शकतो. तीन वर्षांच्या आतले बदलायचे असेल तर त्याचे पैसे मोजा.

यावर एक आक्षेप मला लगेच ऐकू आला, आणि तो पोकळ नाही. साल जाहीर केले की दलाल येतील, पडीक जमिनीवर रातोरात टिनाचे शेड आणि चार काटक्यांची आमराई उभी राहील, भरपाईसाठी. होते असे, मी डोळ्यांनी पाहिले आहे. पण ते आज साल जाहीर न करताही होते. दलालाला साल ठाऊक असतेच. त्याला कुठून कळते हे मी इथे लिहीत नाही, आमच्या भागातल्या वाचकांना सांगायला नको. कळत नाही ते फक्त त्या ताडपत्रीवाल्याला. आणि शेड मोजायचेच नसतील तर जाहीर करण्याच्या आदल्या दिवशी ड्रोन फिरवून घ्या, खाणीची मोजणी आता ड्रोननेच करतात ना?

दुसरा आक्षेप असा की वेळापत्रक कंपनीच्या हातात तरी कुठे असते? हेही खरे. गोव्यातल्या लोहखनिजाच्या खाणींचे पाहा. त्यांचीही वेळापत्रके असतील, चांगली पाच-दहा वर्षांची. २०१२ च्या ऑक्टोबरात सर्वोच्च न्यायालयाने काम थांबवले, २०१४ मध्ये मर्यादा घालून परवानगी दिली, २०१८ च्या फेब्रुवारीत ८८ पट्टे रद्द केले. असे साल कोणते सॉफ्टवेअर सांगणार? मान्य. पण तिथेही ट्रकवाल्याने कर्ज काढून ट्रक घेतला होता, आणि त्यालाही कोणी सांगितले नव्हते की हे सगळे कशावर उभे आहे. अनिश्चित असेल तर अनिश्चित म्हणून लिहा. "सातवे ते बारावे वर्ष, परवानगीवर अवलंबून" एवढे वाचून शेतकरी आपला आपण ठरवील विहिरीचे. पाऊस कधी नक्की सांगून येतो? तरी तो पेरतोच की.

विद्यार्थी जाताना म्हणाला, "सर, तुम्ही सांगता ते चित्र काढायला मला दहा मिनिटं लागतील. द्यायची परवानगी मिळायला किती लागतील ते सांगता येत नाही." मी म्हटले, परवानगी मागणारे पत्र तर निघू दे.

ते पत्र मी लिहिले आहे, शुद्ध मराठीत, दीड पानाचे. गावाच्या सरपंचबाई माझ्या विद्यार्थिनी नाहीत, पण त्यांचे यजमान आहेत. त्यांनी १ मे च्या ग्रामसभेत विषय घ्यायचे कबूल केले आहे. विषयपत्रिका काल पाहिली. पाणीटंचाई, घरकुल, दिवाबत्ती, अंगणवाडीची दुरुस्ती, पांदण रस्ता, मागील सभेचा खर्च, आणि मग सातव्या क्रमांकावर "खाणीचे साल कळविणेबाबत". सहाव्या विषयापर्यंत बहुतेक लोक उठून गेलेले असतात. म्हणून ताडपत्रीवाल्या गृहस्थांना निरोप धाडला आहे की पुढच्या रांगेत बसा आणि तिसऱ्या विषयालाच हात वर करा.